फरशी बदलताय? मग आधी डोक्यावर बघा!

दिवाळी झाली, सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले, की आपल्याकडे घराच्या कामांना हात लागतो. कुणाच्या घरी लग्न ठरलेले असते, कुणाकडे नवी सून यायची असते. मग पहिला विचार येतो तो फरशीचा. "पाहुणे यायच्या आधी एवढी फरशी तरी बदलून घेऊ" हे वाक्य कुठल्या घरात ऐकू येत नाही? शेणाने सारवायचे दिवस गेले, कोबा आला. कोबा उखडला, शहाबादी आली. आता शहाबादी काढून चकचकीत 'स्टाइल' बसवायची टूम आहे.

जालना-भोकरदन रस्त्यावर, पूर्णा नदीच्या काठी केदारखेडा नावाचे गाव आहे. तिथल्या एका भगिनीने विचारलेल्या प्रश्नांवरून हा लेख लिहावासा वाटला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : "आमच्या घरी फरशीचं काम काढलंय. जुनी शहाबादी उखडायची आणि ओसरीवरचा सिमेंटचा पत्राही उतरवून स्लॅब टाकायचा. गवंडी म्हणतो, पत्र्याचे तुकडे करून फरशीखाली भरावात टाकू, मुरमाचा खर्च वाचेल. पण माझी पुतणी छत्रपती संभाजीनगरला शिकते. ती म्हणाली, काकू, फरशीत ॲस्बेस्टॉस असतं, त्यानं कॅन्सर होतो. घरात दोन वर्षांचं लेकरू आहे, मामंजींना दमा आहे. ह्यांना सांगितलं तर हसतात. मला मात्र झोप लागत नाही. खरं काय समजायचं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पुतणीचे सगळेच बरोबर नाही आणि यजमानांचे हसणेही बरोबर नाही. खरा प्रकार काय आहे, तो नीट समजून घेऊ या.

हे ॲस्बेस्टॉस म्हणजे आहे तरी काय?

ॲस्बेस्टॉस हा जमिनीतून निघणारा खनिज पदार्थ आहे. दगडच, पण असा दगड की त्याचे कापसासारखे तंतू सुटतात. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत आणि ओढले तर सहजी तुटत नाहीत. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच 'न विझणारे' असा आहे. पांढरे, तपकिरी आणि निळे हे त्याचे मुख्य प्रकार. स्वस्त, टिकाऊ आणि आगीला दाद न देणारे म्हणून विसाव्या शतकात कारखानदारांनी ते कशाकशात घातले! पत्रे, पाण्याचे पाइप, गाड्यांचे ब्रेक, बॉयलरची वेष्टने, आगीपासून बचावाचे कापड, आणि हो, काही प्रकारच्या फरशीतसुद्धा.

मग माझ्या फरशीत ते आहे का?

बहुतेक सगळ्या घरांसाठी याचे उत्तर आहे, नाही.

शहाबादी, तांदूर, कडप्पा, कोटा हे खाणीतून काढलेले दगड आहेत, मुख्यतः चुनखडीच्या जातीचे. मोझॅक टाइल्स म्हणजे सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे. कोबा म्हणजे सिमेंट आणि वाळू. आजची 'स्टाइल', मग ती सिरॅमिक असो की व्हिट्रिफाइड, भट्टीत भाजलेल्या मातीची असते. यांत कशातही ॲस्बेस्टॉस घालत नाहीत.

मग पुतणीने ऐकले ते कुठून आले? ते खोटे नाही, पण ते दुसऱ्या देशातल्या घरांचे आहे. अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडात विनाइलच्या पातळ चौकोनी टाइल्स डिंकाने जमिनीला चिकटवायची पद्धत होती. १९८० च्या सुमारापर्यंतच्या अशा पुष्कळ टाइल्समध्ये आणि त्या चिकटवण्याच्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस असे. तिकडचे लोक आजही जुनी जमीन उखडताना त्या टाइल्स तपासून घेतात. आपल्याकडेही अशा विनाइल ॲस्बेस्टॉस टाइल्स निघत होत्या, त्यांच्यासाठी भारतीय मानकही होते. त्यामुळे शहरातल्या जुन्या इमारतीत, कचेरीतून घर केलेल्या जागेत, जमिनीला डिंकाने चिकटवलेल्या पातळ, कडक, जुनाट टाइल्स दिसल्या तर त्या खरवडून किंवा यंत्राने घासून काढू नका. त्या न फोडता तशाच ठेवून वरून नवी फरशी बसवणे सगळ्यात सुरक्षित. पण ओसरीच्या शहाबादीला हा नियम लागू नाही. तेवढ्यापुरते निर्धास्त राहा.

आता डोक्यावर बघा

खरी गोष्ट वर आहे. ओसरीवर, न्हाणीवर, गोठ्यावर, चुलीच्या खोलीवर जो करड्या रंगाचा, पन्हळीचा, जाडसर पत्रा असतो, ज्याला आपण 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो, त्यात ॲस्बेस्टॉस असते. सिमेंटमध्ये साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळून हा पत्रा बनवतात. भिंतीच्या मातीला जसे काड किंवा भुसा मिसळतात ना, तसेच हे. तंतूंमुळे पत्र्याला बळकटी येते.

मराठवाड्यात पूर्वी घरे माळवदाची होती. पांढऱ्या मातीचे ते थंडगार छप्पर दरवर्षी डागडुजी मागायचे. लाकूड महागले, माती टाकणारी माणसे मिळेनात, तेव्हा पत्रे आले. टिनाचा पत्रा तापतो आणि गंजतो. सिमेंटचा गंजत नाही, म्हणून तो घरोघरी गेला. ॲस्बेस्टॉसच्या अशा पत्र्यांवर आपल्या देशात अजून पूर्ण बंदी आलेली नाही. इंग्लंडने ॲस्बेस्टॉसवर १९९९ साली, युरोपातील देशांच्या संघाने २००५ साली बंदी घातली. अमेरिकेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदीचा नियम केला तो २०२४ साली.

टिनाच्या, म्हणजे लोखंडी पत्र्यात ॲस्बेस्टॉस नसते. हल्ली ॲस्बेस्टॉस नसलेले सिमेंटचे पत्रेही मिळतात. पण नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, तो प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. म्हणून सोपा नियम असा : जुना, करडा, सिमेंटचा पत्रा दिसला की त्यात ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चालायचे.

आता घाबरून लगेच ओसरीतून पळून जाऊ नका! धड असलेल्या पत्र्याखाली बसले, झोपले, स्वयंपाक केला, म्हणजे आजार होतो असे नाही. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. पत्रा फोडला, करवतीने कापला, त्याला भोक पाडले, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडले, की मग ते सुटतात. आणि नेमके हेच सगळे घराच्या कामात होते.

तंतू करतात काय?

हे तंतू केसाहून कितीतरी पटींनी बारीक असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, वास येत नाही, नाकात खाज सुटत नाही. हवेत तासन् तास तरंगतात. श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही, सगळेच बाहेर टाकूही शकत नाही. वर्षानुवर्षे ते तिथे टोचत राहतात.

त्यातून तीन मोठे आजार होतात. पहिला ॲस्बेस्टॉसिस. यात फुप्फुसाला जखमेच्या व्रणासारखा कडकपणा येतो आणि दम लागतो. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा कर्करोग. हे आजार लगेच होत नाहीत. मध्ये पंधरा, वीस, कधी चाळीस वर्षे जातात. म्हणूनच "आम्ही एवढे पत्रे फोडले, काही झालं नाही" असे सांगणारा गवंडी खोटे बोलत नसतो. त्याचा हिशेब अजून झालेला नसतो, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे स्पष्ट आहे की सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसमुळे माणसाला कर्करोग होतो.

हे पहिल्यांदा ओळखले बायकांनी

ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १८९८ साली इंग्लंडात लुसी डीन नावाच्या एक महिला कारखाना-निरीक्षक होत्या. ॲस्बेस्टॉसची धूळ सूक्ष्मदर्शकाखाली बघून तिचे कण काचेसारखे धारदार असतात आणि ती आरोग्याला अपायकारक आहे, असे त्यांच्या अहवालात नोंदले गेले. कुणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे रॉचडेल गावच्या ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात सूत कातणारी नेली केरशॉ १९२४ साली वारली. वय अवघे तेहतीस. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी करून आजार वैद्यकीय मासिकात मांडला. तोवर असल्या कामगारांना क्षयच झाला असे समजत.

आणि घरात बसणाऱ्या बायकांचे काय? १९६५ साली लंडनच्या डॉ. म्यूरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन या दोघींनी मेसोथेलिओमाच्या ७६ रुग्णांची चौकशी केली. त्यांतल्या नऊ जणांनी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी काम केले नव्हते. काम केले होते ते त्यांच्या घरच्या माणसांनी. बहुतेकींचे काम एकच, नवऱ्याचे कामावरचे कपडे झटकायचे आणि धुवायचे!

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर मुंबईचे आहे. तिथल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली. तिचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या तपासण्या झालेल्या १८१ कामगारांपैकी ४१ जणांना, म्हणजे शेकडा बावीस जणांना, ॲस्बेस्टॉसिस निघाला. आपल्याकडे डॉक्टर या आजाराला पुष्कळदा दमा किंवा क्षय समजतात, असेही त्यांनी नोंदवले. त्याआधी, जानेवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षे ठेवावी आणि आजारी कामगाराला एक लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल दिला होता. चाळीस वर्षे! यावरूनच ध्यानात येईल की हा आजार किती सावकाश पावले टाकत येतो.

मग घाबरायचे किती?

ही उदाहरणे मुख्यतः कारखान्यांतली आहेत, जिथे रोज, वर्षानुवर्षे धूळ नाकातोंडात जात होती. आपल्या घरी एक दिवस पत्रा उतरवला, थोडी धूळ उडाली, म्हणजे कर्करोग ठरलेला, असे अजिबात नाही. तेवढ्या धुळीने होणारा धोका फार लहान असतो. पण 'इतकी धूळ गेली तर काहीच होणार नाही' अशी सुरक्षित रेघही शास्त्रज्ञांना आखता आलेली नाही. तेव्हा काळजी करत बसण्याऐवजी काळजी घ्यायची. टाळता येणारी धूळ टाळायची.

लहान मुलांच्या बाबतीत जास्त जपायचे. त्यांच्यापुढे अख्खे आयुष्य असते, आणि हे आजार पिकायला वर्षे लागतात. शिवाय रांगणारे मूल जमिनीलगतची धूळ जास्त खाते.

आणखी एक गोष्ट यजमानांना जरूर वाचून दाखवा. अमेरिकेत १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या कामगारांच्या मोठ्या पाहणीत असे दिसले की ॲस्बेस्टॉसही नाही आणि धूम्रपानही नाही अशा माणसाच्या मानाने, नुसत्या ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे पाचपट, नुसत्या सिगारेटमुळे अकरापट, आणि दोन्ही एकत्र आले तर त्रेपन्नपट होतो. पत्र्याचे काम करताना तोंडात विडी असणे किती महागात पडते बघा!

फरशीची धूळ तरी साधी आहे का?

शहाबादीत ॲस्बेस्टॉस नाही, हे खरे. म्हणून तिची धूळ खुशाल खावी असे मात्र नाही. दगड, वाळू, सिमेंट आणि भाजलेल्या टाइल्समध्ये सिलिका नावाचा पदार्थ कमी-अधिक असतो. चुनखडीच्या शहाबादीत कमी, ग्रॅनाइटमध्ये बराच, आणि स्वयंपाकाच्या ओट्यासाठी हल्ली निघालेल्या क्वार्ट्झच्या कृत्रिम लाद्यांत तर फारच. विजेच्या कटरने टाइल कोरडी कापली की जो पांढरा ढग उठतो, त्यात सिलिकाचे बारीक कण असतात. रोज ती धूळ खाणाऱ्या कामगाराला सिलिकोसिस होतो, त्याच्या अंगात क्षय लवकर शिरतो, आणि १९९७ पासून ही धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या यादीतही आहे. घरच्यांना चार दिवसांच्या कामाने सिलिकोसिस होणार नाही, पण दम्याच्या माणसाला त्या धुळीने रात्रभर बसवून ठेवले, असे मात्र होते.

काम सुरू होण्यापूर्वी

* आधी घरभर फिरून बघा. सिमेंटचा पत्रा कुठे कुठे आहे? जुने तुकडे मोरीच्या आडोशाला, चुलीमागे, सरपणावर झाकण म्हणून ठेवलेले आहेत का?
* पत्रा धड असेल तर तो याच वेळी काढलाच पाहिजे का, याचा विचार करा. धड पत्रा न हलवणे सगळ्यात चांगले. खालच्या बाजूने न खरवडता रंग दिला तर तंतू आणखी बांधले जातात.
* पत्रा काढायचाच असेल तर तो फरशीच्या आधी काढा, आणि त्या जागेची साफसफाई पूर्ण झाल्यावरच फरशीला हात लावा. दोन्ही कामे एकदम काढली की कुठली धूळ कुठे गेली, पत्ता लागत नाही.
* त्या दिवशी लहान मुले, गरोदर बाई आणि दम्याची माणसे शेजारी किंवा नातेवाइकांकडे पाठवा.
* पीठ-मीठ, पिण्याचे पाणी, अंथरुणे, कपडे दुसऱ्या खोलीत हलवून दाराला ओले धडपे लावा. मांडणीवर प्लास्टिक टाका.

पत्रा उतरवताना

* पत्र्यावर पाण्याचा हलका फवारा मारून तो ओला करा. ओली धूळ उडत नाही. वीज बंद करायला मात्र विसरू नका.
* हातोड्याने फोडून काढू देऊ नका. आकड्याचे बोल्ट सोडवून पत्रा अख्खा निघतो. गंजलेला बोल्ट सुटत नसेल तर बोल्ट कापा, पत्रा नको.
* वरून खाली फेकू नका. दोघांनी धरून किंवा दोराने उतरवा.
* पत्र्यावर थेट पाय देऊन कुणी चालू नये. जुना पत्रा बिस्किटासारखा मोडतो आणि माणूस खाली येतो. तंतूंचे आजार वीस वर्षांनी होतात, पण हात-पाय त्याच क्षणी मोडतात. वासे आणि फळ्यांवरूनच काम करावे.
* पदर किंवा रुमाल तोंडाला बांधला की झाले, असे आपण समजतो. कापडाने जाड धूळ अडते, हे तंतू अडत नाहीत. औषधाच्या दुकानातला एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसला तर त्याहून बराच बरा. ॲस्बेस्टॉससाठी पी-१०० जातीचा मास्क अधिक योग्य. आणि मास्क नुसता घरच्यांना नको. घमेली वाहणाऱ्या मजूर बायकांनाही द्या. त्यांची फुप्फुसे काही लोखंडाची नाहीत.

फरशी उखडताना आणि कापताना

* जुनी फरशी उखडण्यापूर्वी आणि राडा भरताना पाणी शिंपडा.
* टाइल्स कापायचे काम अंगणात, वाऱ्याची दिशा बघून करायला सांगा. पाण्याची धार सोडून कापणारे यंत्र वेगळे मिळते, तेच मागवा. साध्या हातकटरवर बादलीतले पाणी ओतू देऊ नका, विजेचा धक्का बसतो.
* भरावात पत्र्याचे तुकडे टाकू देऊ नका. "पुरलं की संपलं" असे गवंडी म्हणेल. पण ते भरावात बसवायचे म्हणजे आधी हातोड्याने फोडायचे आणि मग धुमसाने ठोकायचे. सगळे तंतू तिथेच सुटतात. शिवाय पाच-दहा वर्षांनी नळाचा किंवा संडासाचा पाइप टाकायला तीच जागा पुन्हा खोदली जाते. मुरमाची एक खेप फार तर जास्त लागेल, ती लागू द्या. पूर्वीच्या कामात असे तुकडे पुरलेले असतील तर मात्र उगाच उकरून काढू नका. वर पक्की फरशी असेपर्यंत ते तिथे बंद आहेत.

संध्याकाळी आपली पाळी

गवंडी हात धुऊन निघून जातो. मग फडा कोण हातात घेते? आपणच. कामाच्या दिवशी घरातली सगळ्यात जास्त धूळ कुणाच्या नाकात जात असेल तर ती झाडणाऱ्या बाईच्या.

म्हणून एवढे लक्षात ठेवा की त्या दिवशी कोरडा केर काढायचा नाही. आधी पाणी शिंपडा, ओला राडा सुपलीने किंवा पुठ्ठ्याने गोळा करा, मग ओल्या फडक्याने दोनदा पुसा. पुसलेले फडके धुऊन पुन्हा वापरण्यापेक्षा पिशवीत बांधून टाकून द्या. पंखा लावून धूळ घालवू नका. घरात धूळ ओढायचे यंत्र असले तरी ते पत्र्याच्या धुळीला वापरू नका. साध्या यंत्राच्या पिशवीतून हे तंतू पलीकडे निघतात आणि घरभर होतात.

पत्रा उतरवणाऱ्या माणसांचे कपडे दारातच उतरवून घ्या. झटकू नका. बादलीत बुडवून ओले करा आणि लेकरांच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. लंडनच्या त्या बायकांना एवढे कुणी सांगितले असते तर!

उतरवलेल्या पत्र्याचे काय करायचे?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. ॲस्बेस्टॉसचा कचरा पक्का बांधून ठरावीक जागीच पुरावा लागतो, आणि लहान गावात ती सोय सहसा नसते. तरीही आपल्या हातात पुष्कळ आहे. पत्रे अख्खे आणि ओले ठेवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने बंद करा, वर 'ॲस्बेस्टॉस, फोडू नये' असे ठळक लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा कोपऱ्यात रचा. मग ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारणा करा. एकटीने विचारण्यापेक्षा बचत गटाने मिळून लेखी अर्ज दिला तर जास्त वजन पडते. गावात अशी घरे अनेक असतात. सगळ्यांचे पत्रे एकदम नेण्याची व्यवस्था मागता येते.

ते नदीत, ओढ्यात, शेताच्या बांधावर किंवा रस्त्याच्या खड्ड्यात टाकू नका. चुलीला आडोसा म्हणून वापरू नका, तापला की पत्रा तडकतो. "गोठ्याला कामी येतील" म्हणून कुणाला देऊही नका. ज्याला द्याल तो आपल्या मापाने कापणार, आणि धूळ त्याच्या घरात उडणार.

धूळ आधीच खाल्ली असेल तर?

पुष्कळजणींचे काम होऊनही गेले असेल. त्यांनी मनाला लावून घेऊ नये. लगेच एक्स-रे काढून काही दिसत नाही. नुकत्याच खाल्लेल्या धुळीची खूण त्यात उमटत नाही, मग पैसे आणि धीर दोन्ही कशाला घालवायचे? त्यापेक्षा घरातली राहिलेली धूळ ओल्या फडक्याने पुसून काढा आणि विडी-सिगारेट घराबाहेर काढा.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, दम लागू लागला, छातीत सतत दुखू लागले, तर मात्र अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. ज्या घरातला माणूस वर्षानुवर्षे गवंडीकाम, पत्र्याचे काम किंवा दगड कापायचे काम करतो, त्या घरच्या बाईने डॉक्टरांना ते आपणहून सांगावे. डॉक्टर विचारतीलच असे नाही, आणि क्षयाची औषधे घेऊनही गुण येत नसेल तर हीच माहिती कामाला येते.

घरच्यांना कसे सांगायचे?

खरी अडचण इथेच असते, हे आम्हांला माहीत आहे. फरशीचा रंग निवडायला आपल्याला बोलावतात, पण भरावात काय टाकायचे ते पुरुषमाणसे आणि गवंडी ठरवतात. आपण 'कॅन्सर' म्हटले की हसून मोकळे होतात. तेव्हा मोठमोठे शब्द बाजूला ठेवा आणि नेमके सांगा. गवंड्याला म्हणा, "दादा, पत्रे अख्खे उतरवा, मला ते अख्खेच हवेत. तुकडे भरावात टाकायचे नाहीत, मुरूम आम्ही आणून देऊ. ओल्यात काम करा. हे घ्या मास्क." यजमानांना म्हणा, "मामंजींचा दमा उठला तर जालन्याला दवाखान्यात न्यावं लागेल. त्यापेक्षा दोन दिवस उशीर झाला तरी चालेल." हिशेबाची भाषा सगळ्यांना कळते. आणि मजुरी ठरवतानाच हे बोला. काम अर्धे झाल्यावर कुणी ऐकत नाही.

खर्च तरी किती आहे? पाणी घरचे, जुनी फडकी घरची. जाड प्लास्टिक, चार-सहा मास्क आणि मुरमाची एखादी खेप. नव्या फरशीच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. ती फरशीच्याच हिशेबात धरा आणि मग खुशाल नवी फरशी बसवा.